नीटचे मार्क आहेत, पण मुलाखतीचं काय? एएफएमसीच्या ५० गुणांचं गणित

नीटचा निकाल लागला की गावोगाव फ्लेक्स लागतात. कोरेगाव असो, वडूज असो की दहिवडी, एसटी स्टँडसमोर पोराचा फोटो, खाली मार्क आणि त्याखाली शुभेच्छुकांची रांग. मग पुढचे दोन महिने घरात एकच चर्चा. कटऑफ किती जाईल, कुठल्या राऊंडला लागेल, नॉन क्रिमीलेयर काढलं का, व्हॅलिडिटी आली का. या सगळ्यात मुलाखत हा शब्द कुठंच येत नाही. येण्याचं कारणही नाही, कारण राज्याच्या एमबीबीएस प्रवेशाला मुलाखत नसतेच. सीईटी सेलच्या कॅप फेरीत मार्क, प्रवर्ग आणि पसंतीक्रम बघून कॉम्प्युटर जागा देतो. पोरगं बोलतं कसं, त्याला डॉक्टर का व्हायचंय, हे कुणी विचारत नाही.

एक कॉलेज मात्र अजून विचारतं, आणि ते आपल्या जिल्ह्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. पुण्यात सोलापूर रोडवरचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी. १९४८ साली सुरू झालेली ही संस्था, तिथं एमबीबीएसचे वर्ग भरतात १९६२ पासून. शिक्षणाची फी नाही. राहायची सोय कॉलेजातच. डॉक्टर झाल्यावर थेट लष्करी वैद्यकीय सेवेत अधिकारी.

आता गंमत बघा. सातारा म्हणजे सैनिकांचा जिल्हा, हे आपण प्रत्येक भाषणात ऐकतो. अपशिंगे गावाच्या नावापुढं मिलिटरी हा शब्द उगीच लागलेला नाही, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ ला साताऱ्यात निघाली. आजही पहाटे चार वाजता माण-खटावच्या रस्त्यावर भरतीची पोरं पळताना दिसतात. आणि याच तालुक्यांत एएफएमसीच्या मुलाखतीला गेलेलं पोरगं शोधायला निघालो, तर चार दिवसांत दोनच सापडली. त्यातला एक निवृत्त सुभेदाराचा नातू, दुसरी शिक्षकाची मुलगी. बाकीच्यांना मार्क असूनही हे दार ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी 'तिथं इंग्लिश बोलावं लागतं' म्हणून नाद सोडला होता.

यावर जरा सविस्तर लिहावं वाटलं, कारण या मुलाखतीचं गणित आपल्या पोरांच्या वाटतं तेवढं विरोधात नाही.

एक मार्क म्हणजे चार मार्क

एएफएमसीला वेगळी प्रवेश परीक्षा नाही, नीटच आहे. पण नीटनंतर एमसीसीच्या संकेतस्थळावर नोंदणी करताना एएफएमसीचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. तिथून नावं कॉलेजकडं जातात आणि जागांच्या कैक पट मुलं पुण्याला बोलावली जातात. तिथं आधी टोलर नावाची परीक्षा होते. इंग्रजी भाषा, आकलन, तर्क आणि बुद्धिमत्ता असा तिचा ऐवज. ४० प्रश्न, ८० गुण, वेळ अर्धा तास, चुकलं तर अर्धा गुण कापला जातो. जोडीला मानसशास्त्रीय चाचणी असते. मग मुलाखत ५० गुणांची, आणि शेवटी वैद्यकीय तपासणी.

आजवरच्या माहितीपत्रकांत गुणांची मांडणी अशी आहे: नीटचे ७२० आणि टोलरचे ८० मिळून ८००, त्याचे करायचे २००. त्यात मुलाखतीचे ५० मिळवायचे. एकूण २५०. यंदाचं पत्रक निघाल्यावर ते शब्दन् शब्द वाचून घ्या, पण तोवर या मांडणीचा अर्थ बघा. ८०० चे २०० करताना सगळ्याला चारनं भागलं जातं. म्हणजे नीटमधले चार गुण शेवटच्या यादीत एक गुण होतात. मुलाखतीतला एक गुण मात्र एकच राहतो.

उदाहरणार्थ, एका मुलाला नीटला ५६० आहेत आणि टोलरला ४०. बेरीज ६००, भागिले चार १५०. मुलाखतीत तो बावरला, ३२ मिळाले. एकूण १८२. दुसऱ्याला नीटला ५३६, म्हणजे २४ गुण कमी. पण टोलरला ५६. बेरीज ५९२, भागिले चार १४८. मुलाखतीत तो सरळ बोलला, ३८ मिळाले. एकूण १८६. नीटला मागं असलेला पोरगा चार गुणांनी पुढं गेला. नीटमध्ये २४ गुण वाढवायला आपल्याकडं पोरगं एक वर्ष रिपीट करतं आणि बाप लातूरला नाहीतर पुण्याला लाख-दोन लाख भरतो.

हे गणित उलटंही फिरतं, हे लक्षात ठेवा. फ्लेक्सवरचे मार्क घेऊन गेलेला पोरगा तिथं तोंड उघडलं नाही तर मागं पडतो.

मुलाखत म्हणजे वशिला, हा संशय

गावात मुलाखत म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, 'आत कोण ओळखीचं आहे का?' हा संशय हवेतून आलेला नाही. नोकरभरतीत मुलाखतीच्या नावावर काय चालायचं हे सगळ्यांनी बघितलंय. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या त्याही याच कारणानं. मेडिकलचंही तसंच झालं. पूर्वी काही कॉलेजं आपल्या पद्धतीनं मुलं निवडायची. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत गांधी विचारांवर वेगळा पेपर असायचा. तामिळनाडूतलं वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज मुलांना बोलावून, बघून, पारखून घ्यायचं. नीटची सक्ती आल्यावर त्यांनी भांडून बघितलं, २०१७ ला तर एमबीबीएसला फक्त एकच विद्यार्थी घेतला. शेवटी २०२० साली सुप्रीम कोर्टानं नीट सगळ्यांना लागू केली.

माझं मत विचाराल तर निव्वळ मार्कांची पद्धतही काही गंगाजल नाही. २०२४ च्या नीट पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत आला होता, हे आपण विसरलो नाही. त्यात मार्क विकत घेता येत नसले तरी क्लास विकत घेता येतो, आणि क्लास घेणारा पुढं जातो. मुलाखतीला निदान दोन माणसं समोरासमोर बसतात. एएफएमसीत समोर लष्करी अधिकाऱ्यांचं मंडळ असतं. त्यांना हा मुलगा पुढं गणवेश घालून सियाचीनला नाहीतर ईशान्येला टिकेल का, हे बघायचं असतं. तिथं वजन कुणाचा भाचा आहेस याला नसतं, तू कसा आहेस याला असतं.

तोटा एकच आणि तो मोठा आहे: भाषा. नीटचा पेपर मराठीतून देता येतो, टोलर इंग्रजीतच, आणि मुलाखतही बहुतेक इंग्रजीतच चालते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या पोराला बारावी सायन्सला इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, पण तोंडातनं निघत नाही. हे मी नाकारत नाही. पण हे सहा-आठ महिन्यांत सुधारणारं दुखणं आहे, असाध्य नाही.

काय विचारतात

जाऊन आलेल्या त्या दोघांशी बोललो, शिवाय निवृत्त झालेल्या एका लष्करी डॉक्टरांशी बोललो. प्रश्न साधे असतात. स्वतःबद्दल सांग. डॉक्टर का व्हायचंय. लष्करातच का, ससूनला का नको. तुझं गाव कुठलं, कशासाठी प्रसिद्ध आहे. वडील काय करतात. मोकळ्या वेळात काय करतोस. काल-परवाच्या पेपरात काय वाचलंस. कधीकधी बारावीच्या बायोलॉजीतलं एखादं मूळचं. कधी अडचणीचा प्रसंग: समोर आपला जवान जखमी आणि शत्रूचाही जखमी, आधी कुणाला बघशील?

यातला 'वडील काय करतात' हा प्रश्न आपल्या पोरांना सगळ्यात अवघड जातो, हे ऐकून मला वाईट वाटलं. पोरगं म्हणतं, फार्मर. आणि गप्प. जणू काही सांगण्यासारखं नाहीच. अरे, सांगण्यासारखं तेवढंच तर आहे! किती एकर आहे, काय पिकतं, पाऊस किती पडतो, उरमोडीचं पाणी आलं का, कोरेगावचा घेवडा कशामुळं नावाजला, गेल्या साली कांद्याला काय मिळालं. माणमधल्या पोरानं पाण्याच्या टँकरवर दोन मिनिटं बोललं, तर पुण्या-मुंबईच्या पोराकडं त्याला तोड नाही.

आरोग्याचंही तसंच. औषध फवारताना चक्कर येऊन पडलेला माणूस आपल्या पोरांनी प्रत्यक्ष बघितलेला असतो. २०१७ ला यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, ती बातमी शहरातल्या पोराला पाठ करावी लागते, आपल्याला पंप पाठीवर घेतलेला चुलता आठवतो. साप चावल्यावर पीएचसीत लस आहे का नाही, गाडी मिळेपर्यंत किती वेळ जातो, आधी भगताकडं का नेतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांच्या विषावर एकच लस चालते, हे माहीत असलं तर बायोलॉजीही आली आणि गावही आलं. ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्यांच्या बायका-पोरांची तपासणी कोण करतं? हे ज्यानं बघितलंय त्यानं ते सांगावं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, गोष्ट खरी पाहिजे.

शिक्षकाच्या त्या मुलीला विचारलं होतं, तुझ्या गावात डॉक्टर का टिकत नाहीत? ती म्हणाली, क्वार्टर गळतंय सर. मंडळातले अधिकारी हसले. मग तिनं सांगितलं की त्या क्वार्टरला पाणी नाही, रात्री लाईट नाही, आणि डॉक्टरच्या मुलाला शाळा नाही. पुढची सगळी मुलाखत त्यावरच झाली. तिला शेवटी जागा मिळाली नाही. का, ते पुढं सांगतो. मुलाखत मात्र तिची चांगली झाली, हे तिच्या गुणांवरनं कळलं.

क्लासवाल्यांचं पॅकेज

मोठ्या शहरांत आता या मुलाखतीचेही क्लास निघालेत. एका क्लासचं पॅकेज बघितलं. दहा दिवस, तीन मॉक मुलाखती, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, वरनं होस्टेल, आणि फी अशी की एक दुभती म्हैस जाईल. मॉक मुलाखत ठीक आहे, तोंडाची सवय होते. पण उत्तरं पाठ करून घेतात तिथं घोटाळा होतो. 'मला देशसेवा करायची आहे' हे वाक्य मंडळानं दिवसभरात किती वेळा ऐकलं असेल? एका सुरात, एकाच शब्दांत. मग ते पुढचा प्रश्न टाकतात: देशसेवा तर एसटीचा ड्रायव्हरही करतो, तू वेगळं काय करणार? तिथं पाठांतर संपतं.

त्यापेक्षा गावातच काय आहे ते बघा. प्रत्येक चार गावांत एक तरी निवृत्त सुभेदार नाहीतर हवालदार सापडतो. त्यांच्याकडं संध्याकाळी जाऊन बसा. फिल्ड हॉस्पिटल म्हणजे काय, जखमीला मागं कसं आणतात, लष्करात डॉक्टरचा मान काय, हे ते चहाच्या कपात सांगतील. पीएचसीच्या डॉक्टर मॅडमना विचारून एक दिवस ओपीडीत कोपऱ्यात बसा. ज्युनिअर कॉलेजच्या इंग्रजीच्या सरांना म्हणा, रोज पंधरा मिनिटं माझ्याशी इंग्रजीत भांडा. बारावीच्या पहिल्या सहामाहीपासून इंग्रजी पेपर रोज एक पान मोठ्यानं वाचा. शेतात वाचा, कोण ऐकतंय? टोलरच्या आकलनाच्या उताऱ्यांनाही त्याचाच उपयोग होतो. तर्काचे प्रश्न एमपीएससी करणाऱ्या थोरल्या भावाच्या पुस्तकात आहेतच.

मानसशास्त्रीय चाचणीसाठी मात्र काही करू नका. ती पाठ करून देण्यासारखी गोष्ट नाही, आणि खोटं लिहिलं की उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

मुलींना ३० जागा

आता त्या मुलीचं. एएफएमसीत भारतीय मुलामुलींसाठी १४५ जागांची रचना चालत आलीय: ११५ मुलगे, ३० मुली. राज्याचा ८५ टक्के कोटा इथं नाही, स्पर्धा सगळ्या देशाशी. त्यामुळं मुलींचा कटऑफ मुलांपेक्षा बराच वर जातो. जेवढ्या मार्कांवर मुलाला बोलावणं येतं, तेवढ्यावर मुलीला येत नाही. त्या मुलीला बोलावणं आलं, मुलाखत चांगली झाली, पण तीस जणींच्या यादीत नीटचे मार्क कमी पडले. मुलगा असती तर लागली असती, असं तिच्या वडिलांनी सांगितलं. आकडे मी पडताळले. ते खरं आहे.

हे बदलायला हवं, असं मला वाटतं. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झालेल्या पहिल्या महिला, आरती सरीन, याच कॉलेजच्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी ते पद घेतलं. लेफ्टनंट जनरल झालेल्या पुनीता अरोरा याच कॉलेजच्या. माधुरी कानिटकरही. त्या पुढं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. आणि आपल्या जिल्ह्यात शहीद कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ ला स्वतः लष्करात अधिकारी झाल्या, ते आपण डोळ्यांनी बघितलंय. बायका वरपर्यंत पोचल्या तरी आत येण्याचं दार तीसचंच. खासदारांनी संसदेत विचारावा असा हा प्रश्न आहे. तोवर मुलींच्या पालकांनी एवढं करावं: एएफएमसीचा पर्याय टाकावा, पण कॅपचे पसंतीक्रमही तेवढ्याच काळजीनं भरावेत.

बाँड घरात आधी बोला

फी नाही म्हणजे फुकट नाही. एएफएमसीतून डॉक्टर झालेल्याला लष्करात नोकरी करावीच लागते, शॉर्ट सर्व्हिस असेल तरी सात वर्षं. नको असेल तर बाँडची रक्कम भरायची, आणि ती शेतकऱ्याच्या आवाक्यातली नसते. राज्याच्या सरकारी कॉलेजात एक वर्षाची सेवा आहे, त्याच्याशी हे ताडून बघा. ज्या घरात एकच मुलगा आहे आणि 'शिकून गावात दवाखाना टाकेल' असं आजीचं स्वप्न आहे, तिथं हे आधीच बोलून घ्यायला हवं. मंडळही विचारतं, घरच्यांची तयारी आहे का? पोरगं 'येस सर' म्हणतं आणि चेहरा नाही म्हणतो, ते समोरच्यांना दिसतं. खाजगी कॉलेजची वर्षाची लाखांतली फी वाचवायला म्हणून पोराला तिकडं ढकलू नका. ज्याला गणवेश नको आहे त्यानं ती जागा अडवू नये. सात वर्षं फार लांब असतात.

शिवाय पात्रता नीट बघा. वय १७ ते २४, लग्न झालेलं नको. बारावी पहिल्याच प्रयत्नात पास झालेली पाहिजे, आणि इंग्रजीतही निम्मे गुण पाहिजेत. नीट दुसऱ्यांदा दिली तरी चालते, बारावी नाही. अनेकांचा इथं गोंधळ होतो.

राहिली वैद्यकीय तपासणी. भरतीच्या पोरांना हे सांगावं लागत नाही: गुडघे चिकटतात का, तळपाय सपाट आहे का, रंग ओळखता येतात का. पण नीटची पोरं दोन वर्षं खुर्चीवर बसून असतात. वजन वाढलेलं असतं, चष्म्याचा नंबर वाढलेला असतो. दात किडलेले आधीच भरून घ्या, लष्करात दातांचे किमान १४ गुण मोजतात. कानातला मळ काढून घ्या, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दहा मिनिटांचं काम आहे. जत्रेत हौसेनं गोंदून घेतलं असेल तर नियम वाचा, सगळ्या जागचं गोंदण चालत नाही. पहिल्या तपासणीत नापास झालं तर अपील करता येतं, लगेच बॅग भरून घरी येऊ नका.

सुभेदाराच्या नातवाला जागा मिळाली. त्याला मुलाखतीत विचारलं होतं, आजोबांनी तुला काय सांगून पाठवलं? तो म्हणाला, बूट पुस आणि खोटं बोलू नको. त्याचे आजोबा आता आसपासच्या गावांतल्या बारावीच्या पोरांना रविवारी सकाळी मारुतीच्या देवळात बोलावतात. सध्या सहा जण येतात, त्यात दोन मुली आहेत. इंग्रजीचे सर अजून मिळालेले नाहीत. कुणी तयार असेल तर आमच्या कार्यालयात कळवावं.